दादाने बोल्ट तीनदा ओढला

रात्रीचे साडेअकरा. रायफल पुसून झाली, तेलाचा हात फिरवून झाला, तरी झोप नाही. दादा दुपारी सहज म्हणाला, "आता हिला निवृत्त कर गं. भिंतीवर छान दिसेल." एवढंच.

मामाने ती मला दिली, त्याला नाही. तो विषय आज नको.

त्याचं म्हणणं खोटं नाही, हेच जास्त लागलं. दस्ता अक्रोडाचा. दमट हवेत लाकूड फुगतं, नळीला कुठेतरी टेकतं आणि काल बिनचूक बसलेली गोळी आज बाजूला जाते. त्याच्या रायफलीचा दस्ता फायबरचा, पावसाने तिला काही होत नाही. मग मी कशासाठी अडून बसलेय? मामाची म्हणून? मामाचं घड्याळही माझ्याकडे आहे. ते महिनोन्‌महिने कपाटात बंद असतं, मला काही वाटत नाही.

मघाशी नकली काडतुसं भरून पुन्हा पाहिलं. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, सावकाश पुढे ढकलला की मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड एका लांब पोलादी पंजात सरकते. मग तो पंजा ते सोडत नाही. अर्ध्यात थांबलं, रायफल कलती धरली, तरी मागे ओढल्यावर काडतूस निमूट परत येतं. माउझर या जर्मन कंपनीच्या १८९८च्या रायफलीतला हा पंजा. विंचेस्टर या अमेरिकन कंपनीने १९३६मध्ये मॉडेल ७० रायफल आणली तेव्हा तोच घेतला, आणि १९६४मध्ये खर्च वाचवायला काढून टाकला. शिकाऱ्यांनी ते मनावर घेतलं. 'चौसष्टच्या आधीची' म्हणून जुन्या रायफलींना लोक जास्त दाम मोजू लागले, आजही मोजतात. नव्वदच्या दशकात कंपनीने पंजा परत आणला. हे सगळं दादाला तोंडपाठ आहे. मला हे त्यानेच शिकवलं. तरी म्हणतो, भिंतीवर.

मला वाटतं, भिंतीवर मलाच टांगलं. गेल्या वर्षापासून मी... असो.

खालच्या बाजूला, जिथे रायफल एका हातात तोलून धरतात, तिथली निळी झाक उडून पोलाद पांढरं पडलंय. मामा तिथे धरून चालायचा. माझी बोटं त्या डागाच्या जरा अलीकडेच संपतात. इतकी वर्षं झाली, माझा डाग अजून उमटायचाय.

आता लिहिताना एक आठवलं. निघण्याआधी दादाने रायफल उचलली. रिकामी आहे ना, हे बघायला बोल्ट एकदा ओढला की पुरे. त्याने तीनदा ओढला. तिसऱ्यांदा अगदी हळू, मान किंचित वाकवून, मामा ऐकायचा तसा. मग काही न बोलता माझ्या हातात दिली.

रविवारी नेमबाजीला तो येणारच आहे. त्याची तो आणेल. पहिल्या पाच गोळ्या हिच्यातून मार, म्हणेन.