चोडणचा बांध
जेवण झाल्यावर मामा म्हणाला, "चल, बांध बघून येऊ." काल पाऊस तुफान झाला होता.

चोडण म्हणजे गोव्यात मांडवी नदीतलं बेट. लोक रायबंदरहून फेरीने इथे येतात ते पक्षी बघायला. खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल भातशेतीच्या, बांधाकडे कोण ढुंकूनही बघत नाही. पण मांडवीचं खारं पाणी शेताबाहेर अडवलंय ते यानेच. चिखल, पेंढा, चिरे, एवढंच सामान! मध्ये मानस, म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारी झडप. भरतीला नदीचं पाणीच तिची लाकडी दारं ढकलून बंद करतं, ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी ती आतून उघडतं. मोटर नको, बटण नको. आम्ही पोचलो तेव्हा भरती चढत होती. दार डोळ्यांदेखत सरकत बसलं, फटीतून थोडं पाणी फुसफुसत राहिलं.

मामाचं लक्ष मात्र कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, बिळांकडे. बोटभर बिळातून पाणी झिरपतं, माती घेऊन जातं, बीळ रुंदावतं, आणि एक दिवस बांध फुटतो. मग खारावलेल्या जमिनीत लगेच भात होत नाही, कोरगुटासारखं खारं सोसणारं वाणसुद्धा किती सोसणार?

पूर्वी निगराणी कोमुनिदादीकडे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडे होती, कूळ कायद्यानंतर कुळांच्या संघटनांकडे आली. मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो, आणि जास्त मासळीसाठी भरतीला दारं उघडी ठेवणारेही असतात. त्यावर मामा जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

उद्या ओहोटीला बिळं बुजवायला माणसं बोलावलीत. त्यांत माझं नाव मला न विचारताच घातलंय.