तुम्ही विचारलंत म्हणून: माझी आवडती अभिनेत्री मालिकेतली का?

इतकी वर्षं लंडनमध्ये राहून तिथली नाटकं बघतेस आणि आवडती अभिनेत्री कोण विचारलं की एका मालिकेतल्या बाईचं नाव घेतेस, असं का? नाटकवाल्या मित्रांनी हे विचारलंय, पुण्याच्या आतेबहिणीने विचारलंय, इथल्या मराठी मंडळींनी तर दर गणपतीत विचारलंय. प्रश्नाच्या पोटात एक गृहीत असतं की नाटकात अभिनय असतो आणि मालिकेत नोकरी. मला ते मान्य नाही, आणि त्याला कारण आहेत जून ब्राउन.

बीबीसीवर १९ फेब्रुवारी १९८५ ला ‘ईस्टएंडर्स’ सुरू झाली. पूर्व लंडनमधला वॉलफर्ड नावाचा काल्पनिक भाग, तिथला अ‍ॅल्बर्ट स्क्वेअर हा चौक, एक पब, रस्त्यावरचा बाजार आणि नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान, म्हणजे लाँड्रेट. माणसं कष्टकरी, घरं जुनी, भांडणं पैशांची आणि नात्यांची. त्याच वर्षीच्या जुलैत तिथे डॉट कॉटन आली. लाँड्रेटमध्ये काम करणारी, सतत सिगारेट ओढणारी, बायबलमधली वचनं तोंडपाठ असलेली, तब्येतीची रड गाणारी आणि ‘मी काही कुणाच्या कुचाळक्या करणारी नाही’ असं बजावून मग सगळ्या गावाची खबर देणारी बाई. ही भूमिका करणाऱ्या जून ब्राउन तेव्हा ५८ वर्षांच्या होत्या. बोलावणं तीन महिन्यांच्या कामाचं होतं. त्या तिथे २०२० पर्यंत राहिल्या. मधली १९९३ ते १९९७ ही वर्षं तेवढी सोडायची.

मालिकेतल्या लोकांना रंगभूमी झेपत नाही म्हणून ते तिथे येतात, असं म्हणणाऱ्यांना मी जून ब्राउन यांचं आधीचं आयुष्य सांगते. १९२७ साली सफोकमधल्या नीडहॅम मार्केट या छोट्या गावी जन्म. महायुद्धाच्या अखेरच्या काळात नौदलाच्या महिला दलात नोकरी. मग लंडनच्या ओल्ड व्हिक या नामांकित नाट्यगृहाच्या नाट्यशाळेत शिक्षण. रंगमंचावर त्यांनी शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ केली, इब्सेनची हेडा गॅबलर केली. पहिला नवरा जॉन गार्ली, तोही नट. १९५७ मध्ये त्याने आत्महत्या केली. पुढच्या वर्षी रॉबर्ट अरनॉल्ड या नटाशी लग्न झालं. सहा मुलं झाली, त्यातलं एक तान्हेपणीच गेलं. या सगळ्या काळात टीव्हीवर कुठे चार प्रसंग, कुठे दोन भाग, अशी कामं चालूच होती. लोकांना चेहरा ओळखीचा वाटायचा, नाव आठवायचं नाही. डॉटच्या भूमिकेसाठी त्यांचं नाव सुचवलं ते त्याच मालिकेतले नट लेस्ली ग्रँथम यांनी. साठीच्या उंबरठ्यावर आलेली, संसार आणि मरणं दोन्ही पाहिलेली बाई कॅमेऱ्यासमोर आली, ती हे सगळं सोबत घेऊन.

आता मूळ मुद्द्याकडे येते. डॉटचा मुलगा निक हा पक्का बदमाश. मालिकेच्या पहिल्याच भागात एक म्हातारा आपल्या खोलीत मरणासन्न सापडतो. त्या खुनामागे निकच असतो. आई त्याच्यावर आंधळी माया करते, तो तिला लुबाडत राहतो. १९९० मध्ये डॉटला बिंगोत, म्हणजे पैसे लावून खेळायच्या हाउजीत, मोठी रक्कम लागते. निक देवभक्त झाल्याचं सोंग घेऊन घरी येतो आणि पैशांसाठी तिच्या जेवणात थोडंथोडं विष कालवायला लागतो. शेवटच्या क्षणी त्याचाच धीर सुटतो आणि तो तिला ते ताट खाऊ देत नाही. या भागांत जून ब्राउन यांच्या चेहऱ्यावर संशय आणि आशा अशा मिसळलेल्या दिसतात की कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते सांगता येत नाही. मुलगा मला मारतोय हे कळतंय, तरी तो सुधारला असेल तर? एवढा एकच प्रश्न ती बाई कपाळाच्या आठीत धरून बसते.

मग पंचवीस वर्षं जातात. फेब्रुवारी २०१५ मध्ये मालिकेला तीस वर्षं पूर्ण होतात. निक परत आलेला आहे, हेरॉइनच्या आहारी गेलेला, आईसमोर मरायला टेकलेला. डॉट मदतीला कुणाला बोलावत नाही. देवाच्या हवाली करून त्याच्याजवळ बसून राहते. तो जातो. पुढे ती स्वतःच गुन्हा कबूल करते आणि तुरुंगात जाते. ८८ वर्षांची अभिनेत्री हे करत होती आणि समोर निक होता तो पहिल्या दिवसापासूनचाच नट, जॉन आल्टमन. दोघांच्या चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या रंगभूषेच्या नव्हत्या. आईने मुलाला तीस वर्षांत किती वेळा माफ केलं, ते प्रेक्षकांनी स्वतःच्या घरात बसून, स्वतः म्हातारे होत पाहिलेलं होतं. नाटकाला हे शक्य नाही, सिनेमालाही नाही. तिथे तीन तासांत काळ सरल्याचा आभास उभा करावा लागतो. इथे काळ खरोखर सरलेला असतो, आणि तो अंगावर घेऊन उभं राहण्याचं काम नटाचं असतं. भूमिकेत तीस वर्षं टिकून राहणं आणि तिला शिळी होऊ न देणं यापेक्षा अवघड काम मला तरी माहीत नाही.

आणि हे कसल्या परिस्थितीत! आठवड्याला दोन भागांनी सुरू झालेली मालिका पुढे चार भागांवर गेली. एका वेळी अनेक कॅमेरे लावून भराभर चित्रीकरण, प्रसंग कथेच्या क्रमाने नाहीतच, सकाळी एका भागातलं रडणं तर दुपारी दुसऱ्याच भागातलं चहापाणी. आपल्या मालिका बघून तिकडे वळलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट लगेच जाणवते, ती म्हणजे पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. आपल्याकडे सासूने भुवई उचलली की व्हायोलिन वाजतं, तबला घुमतो, तोच चेहरा तीनदा दाखवतात. इथे भाग संपताना ढोलाचे ते प्रसिद्ध ठोके पडतात, तोवर नटाला आधार फक्त स्वतःच्या आवाजाचा. जून ब्राउन यांच्याकडे तो आवाज होता, खरखरीत, वाक्याच्या मध्येच दम लागून थांबणारा. पुढचं बोलायचं की गिळून टाकायचं, हे डॉट त्या थांबण्यात ठरवत असे.

२००० सालच्या एका भागात डॉटची म्हातारी मैत्रीण एथेल, असाध्य दुखण्याने बेजार झालेली, मला मरायला मदत कर म्हणते. डॉटची श्रद्धा सांगते की हे पाप आहे. मैत्री वेगळंच सांगते. ती मदत करते आणि पुढे त्याचा भार वाहत राहते. मालिका सामाजिक विषय हाताळतात तेव्हा पात्रं अनेकदा व्याख्यान द्यायला लागतात. डॉट कधी व्याख्यान देत नाही, ती नुसती तुटते.

आणि ३१ जानेवारी २००८ चा तो भाग. डॉटचा नवरा जिम याला पक्षाघाताचा झटका आलेला असतो. ही भूमिका करणारे जॉन बार्डन यांनाही आदल्या वर्षी खरोखर तो झटका आला होता. डॉट टेप रेकॉर्डर समोर ठेवून त्याच्यासाठी बोलते. पूर्ण अर्धा तास, दुसरं पात्र नाही. ब्रिटिश मालिकांच्या इतिहासात असा एकपात्री भाग हा पहिलाच. आजारी नवऱ्याला घरी आणून सांभाळणं आपल्याला झेपेल का, हे म्हातारी बाई स्वतःशीच तपासत असते आणि त्यातून तिचं लहानपण बाहेर येतं. जून ब्राउन यांचे पती रॉबर्ट २००३ मध्ये लेवी बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या आजाराने गेले होते. त्या भागातलं कुठलं दुःख कुणाचं, हे मी शोधत बसत नाही. पण नवऱ्याच्या आजारपणाबद्दल बोलताना कुठेही गोड न होणारा तो आवाज शिकवून येत नाही, एवढं मला ठाम वाटतं.

या भागासाठी २००९ मध्ये बाफ्टा या मानाच्या ब्रिटिश टीव्ही पुरस्कारांच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. अशा वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेतल्या अभिनेत्रीचं नाव त्या यादीत याआधी आलं होतं ते १९८८ मध्ये, ‘कोरोनेशन स्ट्रीट’मधल्या जीन अलेक्झांडर यांचं. मधली एकवीस वर्षं कोरडी. बक्षीस जून ब्राउन यांना मिळालं नाहीच. मला हा अन्याय वाटतो. रोज काम करणाऱ्याला कलावंत म्हणायचं नाही ही खोड आपल्यात आहे तशी ब्रिटिशांतही आहे.

शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी इतकी अधू झाली होती की समोरच्याचा चेहरा नीट ओळखू येत नसे. तरी वयाच्या ९२ व्या वर्षापर्यंत त्या काम करत राहिल्या. ३ एप्रिल २०२२ ला त्या गेल्या, ९५ व्या वर्षी. डिसेंबरमध्ये मालिकेने डॉटचाही अंत्यविधी दाखवला आणि त्यासाठी जुने कलाकार कित्येक वर्षांनी त्या चौकात परतले.

तेव्हा पुढच्या वेळी मला विचारण्याआधी एक करा. २००८ चा एकपात्री भाग मिळाला तर जरूर बघा, पण तो आधी नको. आधी १९९० चं विषाचं प्रकरण बघा, मग २०१५ मधला निकचा मृत्यू, आणि मग तो भाग.