यादी माझ्या खिशात होती

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या चाहत्यांमध्ये गाण्यांच्या यादीवरून पुन्हा जुंपली आहे. २०२५ मध्ये सुरू झालेल्या दौऱ्यात फक्त पहिल्या नऊ अल्बममधलीच गाणी का, रोज रात्री तीच गाणी त्याच क्रमाने का, जुना ड्रमर निको मॅकब्रेनने दौऱ्यांमधून निवृत्ती घेतल्यावर ड्रमवर सायमन डॉसन बसला असताना त्याच जुन्या गाण्यांची चाल तीच राहिली आहे का, असे वाद मी हल्ली वाचतो आणि प्रत्येक वेळी मला मुंबईतली एक संध्याकाळ आठवते. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, वांद्रे-कुर्ला संकुलातले एमएमआरडीएचे मैदान. बँडच्या ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या जागतिक दौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम होता आणि मी फॉलो स्पॉटवर, म्हणजे कलाकाराच्या मागे फिरवायच्या दिव्यावर होतो.

मी मूळचा नाटकाच्या प्रकाशयोजनेतला माणूस. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात डिमरवर हात बसला आणि नंतर मोठ्या मैदानी कार्यक्रमांची कामे मिळू लागली. परदेशी बँड आला की मुख्य दिव्यांची सूत्रे त्यांच्या माणसाकडे असतात, पण फॉलो स्पॉटवर बहुतेक वेळा स्थानिक माणसे बसवली जातात. काम बाहेरून सोपे दिसते: एका माणसावर उजेडाचे वर्तुळ धरून ठेवायचे. पण साठ मीटर अंतरावरून स्पॉट मारताना यंत्राच्या मागच्या टोकाला हात एक सेंटिमीटर सरकला, तर रंगमंचावर वर्तुळ मीटरभर सरकते आणि गायकाचे डोके अंधारात जाते. आयरिसने वर्तुळ लहानमोठे करायचे, डाउजरने उजेड हळूच आणायचा किंवा काढायचा, सहा रंगांच्या फ्रेम डोळे न वळवता बोटांनी बदलायच्या आणि कानातल्या हेडसेटवर येणारी इंग्रजी सूचना पुरी होण्याआधी हात तयार ठेवायचा. झेनॉनचा दिवा पुन्हापुन्हा विझवून पेटवला की त्याचे आयुष्य घटते, म्हणून तो सुरूच ठेवून फक्त डाउजर मिटतात आणि उन्हाने तापलेल्या त्या मचाणावर माणूस त्या भट्टीला टेकून बसतो. लोकांना आत सोडले की खाली उतरता येत नाही, त्यामुळे दुपारपासून पाणीसुद्धा मोजून प्यावे लागते. आपल्याकडचे बरेच कंत्राटदार या माणसाला हमालाच्या हिशेबात धरतात, त्याला टेकायला खुर्चीसुद्धा देत नाहीत आणि मग कार्यक्रम बिघडला की त्याच्याच नावाने खडे फोडतात. हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे आणि त्याचा मला अजूनही राग येतो.

त्या दुपारी बँडच्या प्रकाशयोजनाकाराने आम्हा स्पॉटवाल्यांना गोळा केले आणि एकेका गाण्यात कोण कुठे उभा राहतो, कोण धावतो, कोणाला कधी सोडायचे, हे शांतपणे समजावून सांगितले. असा तयारीचा माणूस क्वचित भेटतो. गायक ब्रूस डिकिन्सन तेव्हा ४९ वर्षांचा होता आणि ज्या बोइंग ७५७ विमानातून बँड, त्यांची माणसे आणि सामान आले होते, ते चालवणाऱ्या वैमानिकांत तोही होता. हाच माणूस संध्याकाळी रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणार आहे, तेव्हा तो थांबेल असे कधीही गृहीत धरू नका, असे आम्हाला बजावण्यात आले. शेवटी प्रत्येकाच्या हातात गाण्यांची यादी आली. दौऱ्याचा पहिलाच दिवस असल्याने जगात कुठेही ही यादी बाहेर आलेली नव्हती. ती कोणालाही दाखवायची नाही, एवढे सांगून माणूस निघून गेला. मी ती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

माझे मचाण मैदानाच्या मधोमध, साउंड कॉन्सोलच्या शेजारी होते. त्याच्या लोखंडी पायांना लावलेल्या बॅरिकेडला टेकून काही मंडळी उन्हे कलायच्या आत येऊन उभी राहिली. त्यात डोंबिवलीहून आलेले बँकेतले एक गृहस्थ होते, वय चाळिशीच्या पुढे, काळा टी-शर्ट धुऊन धुऊन करडा झालेला. औरंगाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजची चारपाच मुले होती आणि गुवाहाटीहून दोन रात्री रेल्वेने प्रवास करून आलेला एक तरुण होता, तो हिंदीत बोलत होता. त्यांची आपसात ओळख नव्हती, पण अर्ध्या तासात ती सगळी घरच्यासारखी भांडू लागली.

वादाचे मूळ आदल्या दौऱ्यात होते. २००६ च्या शरद ऋतूत मेडनने आपला त्या वेळचा नवा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग वाजवला होता आणि त्यावरून चाहत्यांत उभी फूट पडली होती. मार्च २००७ मध्ये बंगळुरूला ते आले, तेव्हाही त्या अल्बममधली गाणी यादीत होती. बँकेतले गृहस्थ बंगळुरूला जाऊन आले होते. त्यांचे म्हणणे होते की जिवंत बँड नवे वाजवतो आणि फक्त जुने वाजवणारा बँड स्वतःचेच स्मारक होतो. त्यावर कॉलेजच्या मुलांपैकी एक उसळून म्हणाला, “काका, तुम्ही बंगळुरूला ऐकून आलात. आम्ही आज पहिल्यांदा ऐकणार. आमच्यासाठी ऐंशीच्या दशकातलं गाणंही नवंच आहे.” हे मला पटले. काकांनाही ते खोडता आले नाही, पण त्यांनी लगेच मोर्चा वळवला. दौरा ऐंशीच्या दशकाचा म्हणून जाहीर झाला आहे ना, मग त्या दशकातले १९८६ चे ‘अलेक्झांडर द ग्रेट’ आज झालेच पाहिजे. ते गाणे बँडने तोवर एकाही कार्यक्रमात वाजवलेले नव्हते. काकांचा युक्तिवाद बिनतोड होता: त्या गाण्यात अलेक्झांडरचे थकलेले सैन्य त्याच्या मागून भारतात यायला नकार देते, मग ते पहिल्यांदा वाजवायला भारताइतकी योग्य जागा कोणती?

खिशातली यादी मला पाठ झाली होती. त्यात ‘अलेक्झांडर द ग्रेट’ नव्हते. त्यात ‘फिअर ऑफ द डार्क’ होते, जे १९९२ चे आहे आणि ज्याच्याबद्दल काका नुकतेच म्हणाले होते की ते वाजवले तर ही सरळसरळ फसवणूक ठरेल. गुवाहाटीचा तरुण तेवढ्याच ठामपणे सांगत होता की ते गाणे नसेल तर दोन रात्रींचा प्रवास वाया गेला. अशा वेळी वर बसून गप्प राहणे फार अवघड जाते. एकदा काकांनी मान वर करून विचारले, “दादा, तुम्हाला माहीत असणार. ‘राइम’ आहे का, एवढंच सांगा.” मी हात जोडले. त्यांनी समजून मान डोलावली आणि पुन्हा विचारले नाही. आपल्याकडे अशी समज फार थोड्या प्रेक्षकांकडे असते. बहुतेक जण ओळख काढतात, नाहीतर आवाज चढवतात.

अंधार पडला, पडद्यावरच्या दृश्यांबरोबर आधी ‘ट्रान्सिल्व्हेनिया’ची ध्वनिफीत वाजली आणि मग चर्चिलच्या भाषणाचा आवाज आला, म्हणजे ‘एसेस हाय’ येणार हे माहीतगारांना कळले आणि मचाण खालून थरथरू लागले. पहिलेच गाणे गायकासाठी इतके चढे ठेवणे हे मला आजही धाडस वाटते. आवाज तापायच्या आत तो त्या टिपेला जातो आणि त्याच वेळी पळतही असतो. हेडसेटवर सूचना येत होत्या, पण डिकिन्सनच्या बाबतीत सूचनेची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. त्याचा खांदा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूला तो पुढच्या क्षणी धावतो, हे दुसऱ्या गाण्यापर्यंत माझ्या लक्षात आले आणि मग मी त्याच्या पायांकडे पाहणे सोडून फक्त खांद्यांकडे पाहत राहिलो. त्या तासाभरात मी जितके अचूक काम केले तितके क्वचितच केले असेल, आणि ते शक्य झाले याचे कारण यादी ठरलेली होती. मागे प्रत्येक गाण्याचा वेगळा रंगवलेला कापडी पडदा बदलत होता, ‘पॉवरस्लेव्ह’ला इजिप्तचा देखावा आणि गायकाचा पिसांचा मुखवटा होता आणि हे सगळे एकमेकांत इतके गुंतलेले होते की मधले एक गाणे काढून दुसरे घातले तर पडदेवाला, दिवेवाला आणि कपडे सांभाळणारा, सगळ्यांचाच क्रम विस्कटला असता. खाली उभे राहून वाद घालणाऱ्यांना यादी म्हणजे केवळ आवडीनिवडीचा कागद वाटतो. आम्हाला तो कामाचा आराखडा असतो.

‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ सुरू झाले, तेव्हा मला काकांकडे पाहायचे होते आणि पाहता येत नव्हते. इंग्रजी कवी कोलरिजच्या कवितेवर बांधलेले हे गाणे जवळजवळ चौदा मिनिटांचे आहे. मध्यावर वाद्यांचा गजर ओसरतो, जहाजाची लाकडे करकरल्यासारखा आवाज राहतो आणि वारा पडलेल्या समुद्राचे वर्णन येते. त्या ठिकाणी आम्हाला सगळे स्पॉट मिटायला सांगितले होते. डाउजर मिटल्यावर मला काही क्षण मोकळे मिळाले आणि मी खाली पाहिले. काका डोळे मिटून, ओठ हलवत, संपूर्ण कविता म्हणत होते. औरंगाबादच्या मुलांपैकी एकाला ती पाठ नव्हती, तो त्यांच्या तोंडाकडे पाहून शब्द उचलत होता. मग कानात ‘स्टँड बाय’ आले आणि मी पुन्हा दिव्याकडे वळलो.

पुढे ‘फिअर ऑफ द डार्क’ आले. गिटारच्या पहिल्याच सुरांवर मैदानाने ती धून गळ्याने उचलली आणि गुवाहाटीच्या तरुणाचा आवाज मला मचाणावर वेगळा ऐकू आला. प्रकाशयोजनाकाराने या गाण्यात मोठे दिवे लोकांवर वळवले, त्यामुळे काका मला स्वच्छ दिसले. ते हाताची घडी घालून उभे होते. भोवतालचे हजारो लोक उड्या मारत असताना तो माणूस गाणे संपेपर्यंत तसाच उभा राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण सकारण असहमत आहोत, एवढेच ते दाखवत होते. आमच्या संगीत रंगभूमीवर वन्समोअर देणारा प्रेक्षक मी पाहिला आहे, तो पदाच्या मागे लागून नाटक लांबवत असे. पण एक पद यादीत असू नये म्हणून शिस्तीने निषेध करणारा रसिक मी तोवर पाहिलेला नव्हता. माझ्या मनात हेच अजून घोळते, कारण ज्या गाण्याला तो नाही म्हणत होता, त्याच गाण्यासाठी त्याच्या शेजारचा मुलगा देश ओलांडून आला होता आणि दोघांचेही प्रेम मला सारखेच खरे वाटले.

शेवटच्या फेरीत ‘मूनचाइल्ड’, ‘द क्लेअरव्हॉयंट’ आणि ‘हॅलोड बी दाय नेम’ झाले आणि कार्यक्रम संपला. लोक आणखी एका गाण्यासाठी ओरडत राहिले. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालवता येत नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच ती वेळ बांधली आहे, आणि सणासुदीच्या मोजक्या दिवसांची सवलत अशा कार्यक्रमाला सहसा मिळत नाही, हे आपल्या प्रेक्षकांनी एव्हाना समजून घ्यायला हवे. बँड हात आखडता घेतो असे म्हणणाऱ्यांनी आधी घड्याळ पाहावे.

दिवा गार होईपर्यंत पंखा सुरू ठेवून मी वरच थांबलो, तेव्हा काका अजून बॅरिकेडपाशी होते. त्यांनी मला यादी मागितली. कार्यक्रम संपल्यावर ती गुप्त राहिली नव्हती, म्हणून मी ती खाली सोडली. त्यांनी चष्मा वर करून ती वाचली आणि बोट ठेवून म्हणाले, “सोळा गाणी. पंधरा बरोबर आहेत. हे एक काढून अलेक्झांडर घालता आला असता की नाही, तुम्हीच सांगा.” मी पडद्यांचे, दिव्यांचे, कपड्यांचे कारण सांगितले. ते म्हणाले, दौरा सुरू होण्याआधी तर पडदेही रंगवलेले नव्हते, तेव्हा कोणाला काय अडचण होती? याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि त्यांनीही ते ताणले नाही. यादी त्यांनी ठेवून घेतली.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २००९ मध्ये, बँड पुन्हा बंगळुरूला आला, तेव्हा त्याच दौऱ्याची यादी बदललेली होती. ‘हेवन कॅन वेट’ आणि ‘मूनचाइल्ड’ निघून ‘फँटम ऑफ द ऑपेरा’सारखी आणखी जुनी गाणी आली होती. ‘फिअर ऑफ द डार्क’ मात्र जागचे हलले नाही. मुंबईतले ‘एसेस हाय’ त्या दौऱ्याच्या लाइव्ह अल्बममध्ये पहिले गाणे म्हणून आले, याचा मला अभिमान आहे. आणि मे २०२३ मध्ये स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना शहरात मेडनने ‘अलेक्झांडर द ग्रेट’ अखेर पहिल्यांदा वाजवले. त्या दौऱ्याच्या यादीत ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ आणि ‘रन टू द हिल्स’ नव्हती, त्यावरूनही चाहत्यांनी रान उठवले. माझ्या मते तो निर्णय योग्य होता. रात्रीगणिक यादी बदलणे या बँडच्या मांडणीला झेपणारे नाही, पण दौऱ्यागणिक ती धीटपणे बदलणे त्यांना जमते आणि त्यांनी ते करत राहावे.

ल्युब्लियानाची बातमी वाचल्यावर मी काकांचा हिशेब पुन्हा मांडून पाहिला. ध्वनिमुद्रणात ‘फिअर ऑफ द डार्क’ सव्वासात मिनिटांचे आहे आणि ‘अलेक्झांडर द ग्रेट’ साडेआठ मिनिटांच्या किंचित वर जाते. अदलाबदल केली असती तर सव्वा मिनिट जास्त लागले असते आणि दोन गाण्यांमधले बोलणे थोडे आवरून ते बसवता आले असते. म्हणजे वेळेच्या बाबतीत काकांचे बरोबर होते. फक्त गुवाहाटीच्या त्या मुलाला काय सांगायचे, हे त्यांनीही सांगितले नव्हते आणि मलाही अजून ठरवता आलेले नाही.