व्हाइसचा स्टॉपर: फिक्स जॉवर चढला, कामाला लागला

मिलिंगच्या व्हाइसमध्ये प्रत्येक जॉब (कापायचा तुकडा) त्याच जागी बसावा म्हणून ज्याला टेकवतात, तो स्टॉपर. तो फिक्स जॉच्याच, म्हणजे न हलणाऱ्या जबड्याच्याच, अंगावर हवा, यावर मी ठाम होतो. हलता जॉ आवळताना किंचित उचलतो, त्याच्या भरवशावर माप कसं ठेवणार? जॉच्या प्लेटा हार्डन असतात, पण मागची बॉडी बिडाची. बाजूच्या फेसवर ६.८ मिमीचं ड्रिल मारून एम८ चे (८ मिमी बोल्टचे) आटे पाडले, १२ मिमी खोल. टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) तेल लावलं नाही. बिडातलं ग्रॅफाइटच वंगणाचं काम करतं. तेल घातलं की काळा चिखल होऊन टॅपचे गाळे भरतात.

स्टॉपरचा दांडा धरणारा क्लॅम्पचा ब्लॉक एमएसचा (माइल्ड स्टीलचा). इथे क्रम महत्त्वाचा. दांड्याच्या भोकासाठी आधी ११.८ चं ड्रिल, मग भोक अचूक मापाला आणणारा १२ चा रीमर. ब्लॉक दांड्यावर आवळणाऱ्या आडव्या बोल्टसाठी आरपार ५ चं भोक, अर्ध्यापर्यंत ६.६ ने मोठं केलं, उरलेल्या अर्ध्यात एम६ चा टॅप. २ मिमीच्या स्लिटिंग कटरने चीर सगळ्यात शेवटी. चीर आधी पाडली तर रीमर तिच्या कडेत अडकतो, भोक गोल राहत नाही.

दांडा १० चा घ्यायचा की १२ चा, यावर बराच खल केला. लवचिकता व्यासाच्या चौथ्या घातात कमी होते, म्हणजे २ मिमी वाढवले की ताठपणा दुपटीहून थोडा जास्त. बाहेर डोकावणारी लांबी निम्मी केली तर थेट आठपट! म्हणून दांडा १२ चा आणि शक्य तितका आखूड. माझ्या मते स्टॉपरची अचूकता इथेच ठरते. टोकाचा बारीक आटा ही नंतरची चैन.

ती चैनही केली आहेच. टोकाला एम६ चा बोल्ट आणि तो जागी पक्का करणारा चेक नट; पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, त्यामुळे पाव फेऱ्याला पाव मिमी. बोल्टचं टोक लेथवर गोलाकार केलं. सपाट टोकामागे चिप अडकते आणि जॉबची बरही (कडेला उरलेली धारदार किनारही) तिथेच टेकते. टेकायची जागा कटरच्या वाटेखाली, जॉबच्या साधारण मध्यावर.

लिव्हर डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावून तोच तुकडा काढून-घालून पाहिला: काटा ०.०२ मिमीच्या आत राहतो. हाताने टेकवलं तर. हातोडीने ठोकून बसवलं की स्टॉपरच मागे जातो, मग डायलला दोष देऊ नये. जॉबखालच्या पॅरलल पट्ट्या पुसल्या नाहीत तरी माप असंच चुकतं.

आता चेक नटला नर्लिंग (हाताने पकडायला खरखरीत नक्षी) करायचं की पान्यानेच आवळायचा, एवढं बाकी आहे. नर्लिंगचं टूल मित्राकडून आलं की बघू.