मंडईचं नाटक

दिवाळी उलटली, भाऊबीज झाली की झाडीपट्टीत पाहुण्यांचा हंगाम लागतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, या चार जिल्ह्यांतल्या धानपट्ट्यात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात, आणि मंडई असो की पट, रात्री नाटक ठरलेलं. पुण्यातल्या मित्रांना मी सांगतो की नाटक रात्री दहा-साडेदहाला सुरू होतं आणि उजाडताना संपतं, तर त्यांना वाटतं मी वाढवून सांगतोय. उद्घाटनाची भाषणं तर मी त्यात धरतही नाही.

आमचं गाव ब्रह्मपुरीकडचं. माझ्या लहानपणी नाटक गावचीच माणसं करायची. पोळा झाला की शाळेच्या व्हरांड्यात तालीम सुरू. दिग्दर्शक शाळेतले गुरुजी, नायक त्या वर्षी ज्याचा आवाज फुटला नसेल तो, आणि खलनायक मात्र कायमचा एकच: शिवणकाम करणारे आमचे एक काका. मशीन चालवताना त्यांचं पाठांतर चाले. गिऱ्हाइकाच्या मानेभोवती टेप टाकून ते ‘तुझा गळा घोटल्याशिवाय राहणार नाही’ असं पुटपुटायचे, आणि पोरं शर्ट शिवायला जायला घाबरायची. गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे, सगळे ‘काय खलनायक’ म्हणत. मानाचीच हाक होती ती.

स्त्रीपात्रं मात्र बाहेरून आणावी लागत, नागपूरहून किंवा वडशाहून. मंडळाचा माणूस दिवाळीच्या आधीच इसार देऊन यायचा. बाई येणार नाटकाच्या दिवशी दुपारी. पाटलांच्या वाड्यात जेवण, मग एकच तालीम. गावची मंडळी दोन-अडीच महिने घोकत असलेलं नाटक तिला आधीपासून तोंडपाठ असे, कारण तेच तिनं दहा गावांत केलेलं. एकदा आमचा नायक रडायच्या प्रसंगात प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला. त्या बाईंनी काही न बोलता त्याच्या दंडाला धरून त्याला माईकखाली आणलं आणि म्हणाल्या, “बाळा, तू इथे रड. तिकडे रडलास तर फक्त पडदा ओढणाऱ्याला ऐकू जाईल.” रंगमंचाच्या मधोमध टांगलेल्या माईकखाली येऊन बोलायचं, बोलून झालं की सरकून दुसऱ्याला जागा द्यायची, हे शिक्षण आमच्या गावानं असंच घेतलं. नाट्यशाळा वगैरे नाव कोणाच्या कानावरही नव्हतं.

तसंच ऑर्गन मास्तरांचं. ते चार-पाच गावांच्या तालमी धरायचे, सायकलवर. या गावात बसवलेली चाल त्या गावात जायची, तिथला तबलजी इकडे यायचा. तबलजी म्हणजे मूळचे भजनी मंडळातले किंवा दंडारीतले. दंडार आमच्याकडची जुनी. पडदा नाही, विंग नाही, मोकळ्या जागेत पुरुषच साडी नेसून नाचतात. नाटकवाल्यांना दंडारीचं मोल फारसं वाटत नसे, पण त्यांच्या पायातला ठेका तिथलाच होता. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आमच्या झाडीबोलीवर, दंडारीवर, नाटकांवर आयुष्यभर काम केलं तेव्हा कुठे शिकलेल्यांना त्यात लिहिण्यासारखं काही दिसलं.

धान कापून झालेल्या बांधीत मंडप पडायचा. बसायला तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, वरून घरचं चवाळं, पाहुण्यांना खुर्ची. घरात एवढी माणसं की जावयालाही कोपरा मिळत नसे. आई दिवसभर वड्यांच्या घाण्यापुढे, आणि तरीही रात्री पहिल्या रांगेत. लेकी माहेरी येत, भाटवे येत, दोन-तीन सोयरिकी तर मध्यंतरात चहाच्या टपरीवर जुळत. नाटकाच्या नावात कुंकू, सौभाग्य, माय किंवा सासर यातला एखादा शब्द असला की गर्दीची काळजी नसे. पहाटे चारच्या सुमाराला अर्धं गाव तणसावर झोपलेलं असे, पण लेक सासरहून परत येते तो प्रवेश आला की बाया एकमेकींना उठवायच्या.

पुढे गावच्या पोरांना तालमीला वेळ उरला नाही, आणि वडशाच्या कंपन्या वाढल्या. वडसा म्हणजे कागदावरचं देसाईगंज. तिथल्या रस्त्यावर हंगामात नाटक मंडळांच्या पाट्याच पाट्या. गावचं मंडळ तिथे जातं, नाटक आणि तारीख ठरवतं, पैशाची घासाघीस करतं. कलाकार, संगीत, मेकअप, ड्रेपरी, सीन-सिनरी सगळं घेऊन कंपनीची गाडी दारात. कलाकार आज इथे, उद्या तिथे, दिवसा झोप आणि रात्री नाटक, होळीपर्यंत. मग परत आपापल्या शेतावर. याच मातीतले परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. 5000 प्रयोग आणि 800 भूमिका त्यांच्या नावावर सांगतात. हे आकडे बाहेरच्यांना अचाट वाटतात. रोज रात्री वेगळं गाव आणि हंगामात हाताशी चार-पाच नाटकं, हे गणित माहीत असलेल्याला तेवढे वाटत नाहीत.

हौशी नाटक गेलं म्हणून गावातली म्हातारी माणसं हळहळतात. मला ते पूर्ण पटत नाही. मधल्या रेकॉर्ड डान्सचा गोंगाट मलाही सोसत नाही, पण काकांच्या कलेवर त्यांचं पोट कधी भरलं नाही. आज आमच्या शेजारच्या गावातली एक मुलगी चार-पाच महिन्यांच्या नाईटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर, घर चालवते आणि भावाला शिकवते. तिकिटाच्या पैशातून कंपनीचं भागवून उरलं तर गावाचं. आमच्या शाळेचं फाटक त्यातूनच झालं. अवकाळी पाऊस आला त्या वर्षी मात्र मंडळाच्या पोरांनी घरचं धान विकून कंपनीचा हिशेब चुकता केला, आणि पुढच्या वर्षी तीच पोरं पुन्हा इसार द्यायला वडशाला.

2014 मध्ये न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, पट थांबले, पण नाटकं थांबली नाहीत. 2021 च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली. खरा फटका बसला तो कोरोनाचा. 2020 चा हंगाम कोरडा गेला, तेव्हा राजाचा वेश चढवणारी माणसं रोजगार हमीच्या कामावर दिसली. कोणी त्याचा बाऊ केला नाही. शेतातलं काम त्यांना नवीन नव्हतं, रिकामी रात्र नवीन होती.

यंदा मंडळानं दोन रात्री ठरवल्या आहेत. पहिल्या रात्री गावच्या पोरांची दंडार, दुसऱ्या रात्री कंपनीचं नाटक. दंडार शिकवायला खलनायक काका, वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेले, रोज संध्याकाळी शाळेत जाऊन बसतात म्हणे. परवा खजिनदाराचा फोन आला. “भाऊ, तुमची वर्गणी टाकून द्या, आनि जावयाची येगळी पडते बरं का जी. मागच्या सालची बी बाकी हाये त्याह्यची.”