कुर्ल्याचा दगड, नाशिकचे लाकूड, विजापूरच्या कमानी

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आजवर जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा शिल्पे, लघुचित्रे आणि शस्त्रे पाहण्यातच वेळ संपला. या खेपेला मात्र दालनांकडे न वळता केवळ इमारत पाहायची, असे ठरवूनच मी काळा घोड्याच्या बाजूने चालत आले.

आवारात शिरल्यावर आधी भिंतीजवळ गेले. कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड येथे शेजारी शेजारी बसवले आहेत. जवळून पाहिले की बेसाल्टचा घट्ट, थंड पोत आणि मालाडच्या दगडाची उबदार छटा यांतला फरक सहज जाणवतो. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी दगड मुंबईच्या उपनगरांतूनच घेतला, म्हणूनच एवढी भव्य इमारत परकी वाटत नाही, असे माझे मत आहे. पुढे आलेले सज्जे, दगडी जाळ्या आणि खोल सावलीचे व्हरांडे येथील ऊन-पाऊस ओळखून घडवलेले आहेत.

खरे वैभव मध्यवर्ती घुमटाखाली आहे. वर नजर टाकली की एकमेकींना छेदत जाणाऱ्या कमानींची गुंफण दिसते आणि विजापूरचा गोल घुमट आठवतो. चौकोनी बैठकीवर वर्तुळाकार घुमट तोलण्यासाठी आदिलशाही कारागिरांनी सतराव्या शतकात जी युक्ती वापरली, तिचाच आधार विटेट यांनी घेतला. चौकोनाचे कोपरे या कमानी हळूहळू गिळून टाकतात आणि वर पोहोचेपर्यंत आकार गोल झालेला असतो. त्याच दगडी अवकाशात नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणलेले लाकडी खांब आणि महिरपी उभ्या आहेत. पहिल्या मजल्याच्या कठड्याशी उभी राहून मी ते कोरीवकाम बराच वेळ न्याहाळत होते. दगडाने वेढलेले हे लाकूड मूळचे येथलेच असावे, इतके ते सहज सामावले आहे. जुन्या वाड्यांचे लाकूडकाम मोडीत जाताना आपण किती वेळा पाहतो! येथे निदान एका वाड्याचा अंश जपला गेला, याचे मला फार समाधान वाटले.

या वास्तूची कोनशिला 1905 मध्ये तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते बसवली गेली. बांधकाम 1914 मध्ये पूर्ण झाले, तरी पहिल्या महायुद्धाच्या काळात येथे लष्करी रुग्णालय होते आणि संग्रहालय लोकांसाठी खुले व्हायला 1922 चा जानेवारी उजाडला. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडाही विटेट यांचाच असल्याने तेथून जवळच असलेले हे संग्रहालय त्याच फेरीत पाहावे. शक्य तर दुपार कलताना यावे. तेव्हा तिरप्या उन्हात मालाडच्या दगडाचा पिवळा रंग अधिक खुलतो आणि भिंतीवरची नक्षी स्पष्ट वाचता येते.