उकडीचा मोदक आणि सायकलचं रेन जॅकेट

एका पावसाळ्यात आईने माझा टीशर्ट पिळला आणि म्हणाली, अरे तू जॅकेट घालून गेला होतास ना, मग हे काय? आता तिला काय सांगणार, की जॅकेट एकदम चोख आहे, पावसाचा एक थेंब आत आलेला नाही, हे सगळं पाणी माझंच आहे.

मी बडोद्यात दांडिया बाजारातून मकरपुरा जीआयडीसीला, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, रोज सायकलने जातो, लालबागवरून, एका बाजूचे सात-आठ किलोमीटर पडतात. चार पावसाळे झाले आणि तीन जॅकेटं झाली, म्हणजे आता थोडं बोलायचा हक्क मिळाला असं धरून चालतो.

पहिलं जॅकेट नव्हतंच, स्कूटरवाल्यांचा रेनकोट होता, मंगळबाजारातून घासाघीस करून आणलेला. स्कूटरवर माणूस नुसता बसून असतो त्यामुळे त्याला चालतं, पण सायकलवर पुढे वाकलं की तो मागून वर सरकतो आणि बरोब्बर कंबरेच्या पट्टीवर पाणी पडत राहतं, बाह्या हँडलपर्यंत हात लांब केला की मनगटाच्या वर चढतात, आणि त्याची पँट तर पंधरा दिवसांत चेनमध्ये अडकून फाटली. तरी दोन वर्षं ढकलली. मग एका जूनमध्ये माळ्यावरून काढला तर आतलं कोटिंग चिकट झालेलं आणि बटाट्याच्या सालीसारखं सुटून येत होतं. हे पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचं होतंच, दमट हवेत घडी घालून ठेवलं की ते हळूहळू कुजतं, म्हणून आता जॅकेट वर्षभर हँगरला उघडंच टांगतो, आईची कपाटातल्या जागेवरून कुरकुर असते ती वेगळी.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो, म्हणजे मला तसं वाटलं. रात्र रात्र ऑनलाइन वाचून थ्री लेयरवालं महाग जॅकेट मागवलं, किंमत घरी सांगितलेली नाही, इथेही सांगत नाही. लेबलवर दोन आकडे होते, १०,००० आणि १०,०००. पहिला वॉटरप्रूफचा, मिलिमीटरमध्ये, म्हणजे कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तोपर्यंत पाणी आत झिरपत नाही. नुसत्या पावसाला एवढा जोर नसतो, पण सॅकचे पट्टे खांद्यावर दाबतात तिथे तो आकडा कामाला येतो. आणि शिलाईवर आतून टेप मारलेली नसेल तर आकडा कितीही मोठा असू दे, सुईच्या भोकातून पाणी येणारच, त्यामुळे दुकानात आधी जॅकेट उलटं करून टेप बघायची.

दुसरा आकडा ब्रीदेबलचा. चोवीस तासांत एक चौरस मीटर कापडातून किती ग्रॅम वाफ बाहेर जाते तो. १०,००० म्हणजे दहा लिटर, ऐकायला भारी वाटतं, पण तासाला भागा, चारशे ग्रॅमच्या आसपास येतं, आणि तेही लॅबमधल्या हवेत. जोरात सायकल मारणारा माणूस तासाला अर्धा लिटर घाम सहज गाळतो, उकाड्यात त्याहून जास्त.

आणि इथेच खरी गोम आहे जी मला जॅकेट घेतल्यावर कळली. वाफ स्वतःहून बाहेर जात नाही, आत जास्त आणि बाहेर कमी असेल तरच जाते. ही जॅकेटं ज्या थंड देशांसाठी बनतात तिथे पावसात आठ-दहा डिग्री असतं, बाहेरच्या हवेत वाफ अगदी थोडी, त्यामुळे आतली बाहेर ओढली जाते. आपल्याकडे जुलैत अठ्ठावीस डिग्री आणि हवा आधीच पाण्याने गच्च. मी ढोबळ हिशोब मांडला तर तो फरक तिथल्याच्या निम्माही उरत नाही. म्हणजे कापड तेच, पैसे तेवढेच, काम अर्ध्याहून कमी. वर पुन्हा कापडाच्या बाहेरचं पाणी झटकणारं कोटिंग झिजलं की वरचं कापड भिजून बसतं आणि मग उरलीसुरली वाफही अडते. ते कोटिंग थोडंफार परत येतं, जॅकेट सौम्य लिक्विड डिटर्जंटने धुवायचं, कम्फर्टसारखं कपडे मऊ करणारं काही अजिबात नाही, आणि लेबलवर चालतं लिहिलं असेल तर मंद इस्त्री.

खात्री करायला मी स्वयंपाकघरात प्रयोग केला. स्टीलच्या ग्लासात कढत पाणी, तोंडावर जॅकेटची बाही ताणून रबर लावलं, वर थंड वाटी उपडी. पाच मिनिटांत वाटी आतून धुरकट झाली, म्हणजे वाफ जाते हे खरं. पण इथे वाटी थंड होती, आपल्याकडची जुलैतली हवा तशी नसते. आई म्हणाली, मोदक उकडतोयस का? तर हो, आत मीच होतो.

म्हणून तिसरं जॅकेट घेताना आकडे बघायचं सोडलं आणि भोकं बघितली. काखेत लांब झिप हवी, पाठीवर झाकणाखाली जाळी हवी, पुढची झिप दोन्हीकडून उघडणारी, म्हणजे खालून उघडून गळ्याशी बंद ठेवता येते आणि हवा खेळते. मागचा भाग लांब, सीटवर येईल एवढा. बाह्या दुकानात हँडल धरल्यासारखे हात पुढे करून तपासायच्या, दुकानदार बघत राहतो, बघू दे. हूड मला आवडत नाही, मान वळवली की हूड तिथेच राहतं आणि मागची रिक्षा दिसतच नाही, त्यापेक्षा हेल्मेटखाली साधी टोपी, पुढे पट्टी असलेली, डोळ्यात पाणी येत नाही. रंग पिवळाच घेतला. काळं जॅकेट पावसात संध्याकाळी मकरपुऱ्याच्या ट्रकवाल्याला दिसणार आहे थोडंच.

किंमत दुसऱ्याच्या एक तृतीयांश. मुसळधार पावसात झिपमधून थोडं पाणी येतं, येऊ दे, पावसाचं पाणी निदान गार तरी असतं.

अजून एक, जॅकेटच्या आधी मडगार्ड लावा. माझं अर्धं भिजणं वरून नव्हतंच, मागच्या चाकाने उडवलेल्या चिखलाची पाठीवर उभी रेघ असायची, ऑफिसमधला पटेल रोज विचारायचा, "शुं भाई, पलळी ग्या?" म्हणजे काय भाई, भिजलात? दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवले, ती रेघ गेली.

आणि काही दिवस जॅकेटचा प्रश्नच नसतो. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा भुयारी रस्ता, पाण्याने भरलं की समजायचं सायकल आज घरी. ऑगस्ट २०२४ला विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा सोसायट्यांमध्ये मगरी निघाल्या होत्या, त्या गढूळ पाण्यात खाली खड्डा आहे, उघडं गटार आहे की आणखी कोण आहे ते पेडल मारून शोधायची मला हौस नाही.

बुटांचं मात्र अजून काही जमलेलं नाही. वॉटरप्रूफ कव्हर आणलं होतं, पाणी पायावरून ओघळून आत गेलं आणि मग बाहेरच येईना, दिवसभर पाय लोणच्यात. सध्या सँडल घालून जातो, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक टॉवेल आणि कोरडे मोजे. जड बूट घालावेच लागले तर रात्री आत पेपरचे बोळे कोंबतो. आईचं म्हणणं गुजराती पेपर जास्त पाणी ओढतो. का, ते सांगत नाही, पण रद्दीतून तोच काढून देते.